पुस्तक मिट आणि म्हणून दाखव

आदरणीय बाई,
मी दहावीत आहे, मराठी माध्यमात. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे आणि शाळा तालुक्याच्या गावी, एसटीनं पाऊण तास लागतो. रोज रात्री एक वाजेपर्यंत वाचते, पहाटे पाचला उठून पुन्हा वाचते. विज्ञानाचे धडे चार-चार वेळा वाचून झालेत, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्यात. वाचताना सगळं येतं. पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही. प्रथम सत्रात बीजगणितात 40 पैकी 16 पडले, शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले. विज्ञान भाग 1 मध्ये 19. वडील म्हणतात, बोर्डात साठ टक्क्यांच्या खाली आलीस तर पुढं शिकायचं नाही. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का? कृपया नाव छापू नका.

*

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुझ्या डोक्यात काहीही कमी नाही. आणि तू आळशीही नाहीस. तू रोज जेवढे तास पुस्तकापुढे बसतेस तेवढे तास बसणारी मुलं मी माझ्या नोकरीच्या काळात फार थोडी पाहिली. म्हणूनच तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं. एवढे कष्ट चुकीच्या जागी पडतायत, आणि ते कुणी तुला सांगितलेलं नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "वाचताना सगळं येतं." सगळी गोम तिथं आहे. तुमच्या एसटीचा रोजचा कंडक्टर तू बाजारात पाहिलास तरी लगेच ओळखशील. पण आत्ता डोळे मिटून सांग, त्याच्या शर्टाला खिसे किती आहेत? भांग कोणत्या बाजूला आहे? बहुतेक सांगता येणार नाही. समोर आल्यावर ओळखणं वेगळं आणि समोर नसताना आठवणं वेगळं. चौथ्यांदा धडा वाचताना तुला जे 'येतं' ती ओळख असते. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तिथं आठवावंच लागतं. आणि आठवण्याचा सराव तू आजवर केलेलाच नाहीस. चार वेळा वाचलंस, पण धडा एकदाही स्वतःहून आठवून पाहिला नाहीस.

माझी आजी निरक्षर होती. हरिपाठाचे सगळे अभंग तिला पाठ होते, आणि पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढेसुद्धा. संध्याकाळी दिवा लावला की आम्हा भावंडांना ओळीनं बसवायची आणि म्हणायची, "म्हणून दाखव." वाचता येत नसल्यानं 'वाचून दाखव' हे तिच्या कामाचंच नव्हतं. अडखळलो की ती थांबायची. लगेच सांगायची नाही. आम्ही आठ-दहा क्षण धडपडायचो, आणि मगच ती पुढचा शब्द द्यायची. त्या धडपडीचं मोल मला शिक्षिका झाल्यावरही कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. वर्गात मीसुद्धा मुलांना 'वाचा, पुन्हा वाचा' असंच सांगत राहिले. त्या मुलांची आठवण आली की आजही मन खातं.

आजीच्या त्या पद्धतीची परीक्षा पुढे शास्त्रज्ञांनी घेतली. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच पुन्हा वाचायला सांगितला, काहींना कागद बाजूला ठेवून जेवढं आठवतं तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती. त्यांना 81 टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना 75. आठवड्यानं तपासलं तेव्हा चित्र फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे 42 टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे 56. यातलं पहिलं मोजमाप नीट बघ. वाचून लगेच पाहिलं तर वाचणंच बरं वाटतं. रात्री एक वाजता पुस्तक बंद करताना तुला जो भरवसा वाटतो तो त्या पाच मिनिटांचा आहे. परीक्षा मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी असते.

तेव्हा आजपासून एवढं कर. धडा सलग वाचू नकोस. दीड-दोन पानं वाच, पुस्तक मिट, जुन्या वहीचं कोरं पान घे आणि आठवेल ते लिही. अक्षर, शुद्धलेखन, क्रम, कशाचीही चिंता नको. समज, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातले केप्लरचे तीन नियम वाचलेस. पान मिटून लिहिताना पहिला आठवेल, दुसरा अर्धवट येईल, तिसऱ्यात वर्ग आवर्तकालाचा की अंतराचा, असा घोळ होईल. होऊ दे. थोडा वेळ अडून राहा, उत्तराकडे धावू नकोस. मग पुस्तक उघड आणि लाल पेनानं दुरुस्त कर: आवर्तकालाचा वर्ग, सरासरी अंतराचा घन. ही लाल शाई त्या दिवसाचा खरा अभ्यास. पिवळ्या रंगानं धड्यात काय महत्त्वाचं आहे ते कळतं, लाल रंगानं तुला काय येत नाही ते कळतं, आणि वेळ द्यायचा तो लाल रंगाला.

पहिले आठ दिवस हे फार जड जाईल. पानं कोरी राहतील, रडूही येईल. पूर्वी एका संध्याकाळी अख्खा धडा 'व्हायचा', आता अर्धाच होईल आणि आपण मागे पडलो असं वाटेल. त्या आठ दिवसांत जुन्या सवयीकडे परतू नकोस, एवढंच मागणं आहे.

जे एकदा आठवून लिहिलंस ते दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा आठवून बघ. माणूस किती लवकर विसरतो हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवर वर्षानुवर्षं प्रयोग करून 1885 मध्ये मांडलं. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त गळती होते, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात. उलट थोडं विसरायला लागलेलं पुन्हा ओढून काढलं की ते अधिक घट्ट बसतं. एकाच रात्री एकच धडा चार वेळा वाचलास तर यातलं काहीच घडत नाही.

यासाठी तुझ्याकडे एक चांगली जागा आहे. येता-जाता पाऊण-पाऊण तास एसटी. हलत्या गाडीत वाचून डोकं दुखवून घेऊ नकोस. खिडकीला टेकून बस आणि मनात म्हण: काल रासायनिक अभिक्रियांचे कोणते प्रकार लिहिले? प्रत्येकाचं एक समीकरण? अडलीस तर एका चिठ्ठीवर दोन शब्द टिपून ठेव, शाळेत पोचल्यावर बघ. शेजारी मैत्रीण असेल तर तिला समजावून सांग. दुसऱ्याला सांगताना आपल्याला कुठं कळलेलं नाही ते फार लवकर उघडं पडतं.

आता गणित. बीजगणितात 16 पडले म्हणजे सूत्रं येत नाहीत, असं मला वाटत नाही. बहुतेक तू सोडवलेली उदाहरणं वाचत असशील. गाईडमधली पायरी न् पायरी बघताना मान हलते, 'हो, बरोबर', आणि आपल्याला आलं असं वाटतं. गणित वाचायचं नसतं. उदाहरण एकदा समजून घे, पान झाक, आणि तेच कोऱ्या वहीत सोडव. नाही जमलं तर फक्त पुढची एक पायरी बघ आणि पुन्हा झाक.

दुसरं म्हणजे, सरावसंचातली उदाहरणं एकाच जातीची असतात. वर्गसमीकरणाच्या संचात बसल्यावर कोणती रीत वापरायची हा प्रश्नच पडत नाही, ती वरच लिहिलेली असते. पेपरात मात्र आधी ओळखायचं असतं की हे अंकगणिती श्रेढीचं आहे की दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं. तो सराव वेगळा करावा लागतो. रविवारी सगळ्या धड्यांतली मिळून आठ-दहा उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिही, डब्यात टाक आणि उचलून सोडव. धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रहही पुष्कळ मुलं सोडून देतात. तू देऊ नकोस.

आणि एक चुकांची वही घाल. हे मी माझ्या प्रत्येक वर्गाला करायला लावत असे. डाव्या पानावर चूक जशीच्या तशी, उजव्या पानावर ती का झाली ते एका वाक्यात. एक नमुना देते. 7, 13, 19, 25… या श्रेढीचं एकोणिसावं पद काढा. पुष्कळ मुलं 19 ला 6 नं गुणून त्यात 7 मिळवतात आणि 121 लिहितात. पण पहिल्या पदापासून एकोणिसाव्यापर्यंत उड्या अठराच आहेत, म्हणून 7 अधिक 18 गुणिले 6, म्हणजे 115. उजव्या पानावर 'निष्काळजीपणा' असं लिहू नकोस, त्यातून काही शिकायला मिळत नाही. 'पदं मोजली, उड्या मोजल्या नाहीत' असं लिही. पंधरा दिवसांत तुला दिसेल की चुका शंभर प्रकारच्या नाहीत. पाच-सहाच आहेत आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात. तेवढ्या पाच-सहा बुजवल्यास की पुष्कळ गुण तिथंच वाचतात.

पेपर कसा सोडवायचा यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय आणि येत असूनही गुण गेलेली मुलं मी त्या टेबलावर पाहिलीत.

बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. 2023 पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देतं, म्हणजे अकराला सुरू झालेला पेपर एक वाजून दहा मिनिटांनी संपतो. साधारण एका गुणाला तीन मिनिटं. पहिले दोन प्रश्न मिळून 20 गुणांचे असतात, आणि तेच सर्वांत सोपे. तिसरा 9 गुणांचा, चौथा 8 चा, पाचवा 3 चा. तुझे शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले म्हणजे 11 गुण वाचायच्या आधीच गेले. माझा अंदाज आहे की तू मध्येच एखाद्या दोन गुणांच्या उदाहरणावर पंधरा-वीस मिनिटं अडून बसलीस. 'हे मला येत होतं' या हट्टानं माणूस तिथंच रुततो. घड्याळ बाकावर काढून ठेव. पावणेबाराला पहिले दोन प्रश्न संपलेले हवेत, सव्वाबाराला तिसरा, पाऊण वाजता चौथा. एक वाजता पेन खाली ठेवायचं आणि उरलेली दहा मिनिटं तपासायला. दोन गुणांच्या उदाहरणाला सहा मिनिटं झाली आणि वाट दिसत नसेल तर उरलेल्या उत्तरासाठी जागा सोड आणि पुढं जा. पुष्कळदा पुढचं काहीतरी सोडवताना मागचं आपोआप सुचतं.

उदाहरण पूर्ण येत नसलं तरी कोरं सोडू नकोस. तपासणाऱ्याच्या हातात पायरीनुसार गुणांची विभागणी असते. सूत्र लिहिलं, किमती बरोबर घातल्या, तर शेवटचं उत्तर चुकूनही त्या पायऱ्यांचे गुण मिळतात. शाब्दिक उदाहरणात 'समजा, आईचं आजचं वय इतकं' असं मानून पहिलं समीकरण नीट मांडलंस, तरी काहीतरी पदरात पडतं. कोऱ्या जागेला मात्र, मनात कितीही आलं तरी, मला कधीच काही देता आलं नाही. आणि चौकटी भरून 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न असतात ना, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात मिळून 7 गुणांचे. तिथं रीत बोर्डानंच दिलेली असते. मुलं घाबरून ते शेवटाला ठेवतात. तू ते आधी घे.

हे सगळं बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. आत्तापासून दर रविवारी अकरा ते एक दहा, घड्याळ लावून, एका बैठकीत, मागच्या वर्षांचा एक पेपर. पाणी प्यायलाही उठायचं नाही. घरात जमत नसेल तर देवळाच्या ओवरीत बस, शाळेच्या व्हरांड्यात बस. फोन आईकडे. पेपर संपला की तूच तपास आणि चुका वहीत उतरव. बोर्ड सुरू होईपर्यंत असे दहा पेपर झाले, तर अकराव्यांदा त्या बाकावर बसताना हातांना ते ओळखीचं असेल.

तरीही कधी 'काहीच आठवत नाही' असं झालंच, तर ती भीती आहे, विसरणं नव्हे. काळजीनं मनातली जागा अडवून ठेवलेली असते. पेन खाली ठेव, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकव, श्वास हळूहळू, लांबवर बाहेर सोड, चार-पाच वेळा. मग सर्वांत सोपा वाटेल तो प्रश्न घे, एका गुणाचा का असेना. एक उत्तर कागदावर उतरलं की पुढचं येतं. पेपर मिळताच कच्च्या कामाच्या जागेत नेहमी विसरणारी दोन-तीन सूत्रं लिहून टाक, म्हणजे ती डोक्यात धरून बसावं लागणार नाही. आणि परीक्षेला जाताना गेटवर मैत्रिणींबरोबर 'तुझं हे झालं का, ते झालं का' हे अजिबात नको. तिथं कुणाचा अभ्यास वाढत नाही, नुसती छाती धडधडते.

भाषांचं थोडक्यात सांगते, तिथं तुझी तक्रार दिसत नाही. कृतिपत्रिकेत उतारा दिलेला असतो आणि आकलनाची उत्तरं त्यातच असतात, म्हणून आधी कृती वाच, मग उतारा. 80 गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. उपयोजित लेखन शेवटी घाईत उरकू नकोस. भूगोलाचे नकाशे बघून येत नाहीत, पेन्सिल हातात घेऊन भरावे लागतात.

झोपेबद्दल मात्र मी आग्रहानं लिहिते. एक ते पाच म्हणजे चार तास. दिवसभर जे शिकलं ते झोपेत पक्कं होतं. ती झोपच कापलीस तर दिवसाचे कष्टही अर्धे वाया. साडेदहाला झोप, साडेपाचला ऊठ. तीन तास कमी झाले म्हणून घाबरू नकोस, ते तास चौथ्यांदा वाचण्याचे होते. महिनाभर करून बघ. रात्री झोपच येत नसेल, सतत रडू येत असेल, तर आईला सांग, वर्गशिक्षकांना सांग. 14416 हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे, तो कोणत्याही वेळी फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढचा भाग वडिलांना वाचून दाखव.

दादा, नमस्कार. तुमची मुलगी रोज चार तास झोपून अभ्यास करते, हे तुम्ही रात्री तिच्या खोलीतला दिवा बघून जाणत असालच. साठ टक्क्यांची अट तुम्ही तिच्या भल्यासाठी घातली असेल. पण पेपर हातात घेताना तिच्या डोळ्यांपुढे प्रश्न नसतो, ती अट असते. गुण तिच्या हातात पूर्णपणे नाहीत. रविवारचा पेपर सोडवणं आणि वेळेवर झोपणं तिच्या हातात आहे. अट घालायचीच असेल तर त्याची घाला, आणि रविवारी अकराला घड्याळ तुम्हीच लावून द्या. खर्चाची काळजी असेल तर ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी अटींसह अकरावीला प्रवेश मिळण्याची सोय आहे. एका पेपरात तिचं शिक्षण थांबावं असं शासनाच्या नियमातसुद्धा नाही, तुम्हीही ते थांबवू नका. ही माझी हात जोडून विनंती आहे.

मुली, शाळेची सराव परीक्षा जानेवारीत असेल. बीजगणिताचा पेपर परत मिळाला की मला पुन्हा लिही. गुण नाही सांगितलेस तरी चालेल. दोन गोष्टी मात्र नक्की कळव: शेवटचा प्रश्न किती वाजता सुरू केलास, आणि चुकांच्या वहीतली कोणती चूक पुन्हा झाली.

तुझी,
बाई